रक्तात उरलेली खूण आणि अंगात उरलेला आजार

प्रश्न थोडक्यात असा आहे: वय २९. गणेशोत्सवातल्या रक्तदान शिबिरात रक्त दिलं. काही दिवसांनी रक्तपेढीतून फोन आला, ‘एकदा येऊन भेटा.’ व्हीडीआरएल ही गुप्तरोगाची रक्तचाचणी रिॲक्टिव्ह, म्हणजे पॉझिटिव्ह, निघाली. पुढे केलेल्या तपासणीत टायटर (रक्त किती पट पातळ करूनही चाचणी पॉझिटिव्ह येते तो आकडा) १:१६, टीपीएचए पॉझिटिव्ह, एचआयव्ही निगेटिव्ह. जखम किंवा पुरळ काही आठवत नाही. अडीच वर्षांपूर्वी दोनदा संबंध आले होते, त्यानंतर नाहीत. लग्न ठरलंय. मित्र सांगतो, ‘एकदा रक्तात शिरलं की जात नाही.’ गुप्तरोगांपैकी कोणते पूर्ण बरे होतात, कोणते होत नाहीत, आणि मी कुठल्या यादीत?

तुमच्यापुरतं उत्तर आधी देतो, म्हणजे पुढचं शांतपणे वाचाल. तुम्हाला झालाय तो उपदंश, सिफिलिस, जुन्या माणसांच्या तोंडची ‘गरमी’. तो पूर्ण बरा होतो. लग्नही होऊ शकतं. मित्राचं म्हणणं मात्र साफ खोटं नाही, आणि सगळा घोळ तिथेच आहे.

टीपीएचए ही चाचणी जंतू मोजत नाही. त्या जंतूविरुद्ध शरीराने कधीकाळी तयार केलेली प्रतिद्रव्यं शोधते. ती बहुतेकांच्या रक्तात जन्मभर राहतात, आजार कधीच संपलेला असला तरी. तुमच्या दंडावर लहानपणच्या बीसीजीचा व्रण असेल. तो दिसतो म्हणून तुम्हाला टीबी आहे असं कोणी म्हणत नाही. टीपीएचए तसंच. आखातात नोकरीला निघालेला एक फिटर माझ्याकडे आला होता. तीन वर्षांत तीन डॉक्टरांकडून त्याने इंजेक्शनांचे तीन कोर्स घेतले होते, कारण प्रत्येक मेडिकलला टीपीएचए पुन्हा पॉझिटिव्ह! आजार पहिल्या कोर्सलाच गेला होता. त्याला एवढं सांगणारं कोणी भेटलं नव्हतं.

उपचार लागू पडले की नाही हे व्हीडीआरएलच्या टायटरवरून कळतं. तुमचा आकडा १:१६ आहे. तो चौपट खाली यायला हवा, म्हणजे १:४ किंवा त्याहून कमी. आठवड्याभरात नव्हे, महिन्यांच्या हिशेबाने. सहा महिन्यांनी, वर्षाने आणि दोन वर्षांनी पुन्हा बघायचं, शक्यतो त्याच लॅबमध्ये. संसर्ग जुना असेल तर आकडा रेंगाळत उतरतो, आणि काहींचा १:२ वर येऊन तिथेच बसतो. तो तिथे बसला तर घाबरायचं नाही. खाली गेलेला आकडा पुन्हा चौपट वर चढला, १:२ चा १:८ झाला, तर मात्र नव्याने संसर्ग झाला का किंवा उपचार अपुरे पडले का, ते पाहावं लागतं. आणि हो, नुसती व्हीडीआरएल पॉझिटिव्ह म्हणजे उपदंश नव्हे. गरोदरपणात, मलेरियात, ल्युपससारख्या (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते अशा) आजारात ती उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते. तुमच्या दोन्ही चाचण्या पॉझिटिव्ह आहेत, म्हणून तुमच्याबाबत शंका नाही.

जखम आठवत नाही याचं नवल वाटू देऊ नका. उपदंशाचा पहिला व्रण दुखत नाही. बोटांत धरला तर शर्टाच्या बटणासारखा टणक लागतो, आणि तीन ते सहा आठवड्यांत काही न करता भरून येतो. माणसाला वाटतं गेलं. पुढे कधीतरी अंगावर पुरळ उठतं. त्याला खाज नसते, आणि ते तळहात-तळपायांवरही येतं: तांबूस-तपकिरी डाग, कडेला बारीक पापुद्रा. पित्त उठलं म्हणून लोक कोकम लावतात. तेही आपोआप जातं. मग आजार वर्षानुवर्षं गप्प बसतो. तुमचा या गप्प टप्प्यात सापडला, रक्तदानामुळे. काही जणांत तो दहा-वीस वर्षांनी हृदयाच्या महाधमनीत, मेंदूत, डोळ्यांत डोकं वर काढतो. तिथे जंतू मारता येतो, पण झालेली नासधूस परत फिरत नाही.

औषध पेनिसिलिन, तेही जुनंच, बेंझाथिन पेनिसिलिन. एका वेळी २४ लाख युनिट, दोन्ही कुल्ल्यांत १२-१२ लाख. संसर्ग ताजा असेल तर एकच वेळ पुरते. तुमचा अडीच वर्षांचा धरायचा, म्हणून आठवड्याला एक असे तीन आठवडे. पांढरं दुधासारखं औषध, जाड सुई, आणि दुखतं, खोटं का सांगू. सांध्यांचा ताप येऊन हृदयाच्या झडपा खराब झालेल्या मुलांना हेच इंजेक्शन दर २१ दिवसांनी वर्षानुवर्षं घ्यावं लागतं, मग आपण तीन घ्यायला काय हरकत? पहिल्या डोसनंतर त्या रात्री थंडी वाजून ताप, अंगदुखी होऊ शकते. मेलेल्या जंतूंचा तो गदारोळ असतो, एका दिवसात ओसरतो. त्याला पेनिसिलिनची ॲलर्जी समजू नका. खरी ॲलर्जी पूर्वी कधी आली असेल तर ती मात्र सुईच्या आधी सांगा. तशी ॲलर्जी असणाऱ्यांसाठी डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या आहेत.

या आजाराचा भारतातला इतिहासही नावातच आहे. १६व्या शतकात भावमिश्राने त्याला ‘फिरंग’ रोग म्हटलं, कारण तो फिरंग्यांबरोबर आला. (युरोपात तेव्हा प्रत्येक देश तो शेजाऱ्याच्या नावाने ओळखायचा.) पाऱ्याच्या औषधांनी दात पडायचे. १९१० साली पॉल एर्लिख यांचं सॅल्व्हरसन आलं, आणि १९४३ मध्ये अमेरिकेत जॉन महोनी यांनी चार रुग्णांना पेनिसिलिन दिलं. तेव्हापासून आजपर्यंत हा जंतू पेनिसिलिनला सरावलेला नाही. जंतूंच्या जगात इतका प्रामाणिक शत्रू विरळा.

आता याद्यांकडे. जिवाणू आणि परजीवी यांच्यामुळे होणारे लैंगिक आजार बरे होतात: उपदंश, परमा म्हणजे गनोरिया, क्लॅमिडिया, ट्रायकोमोनास, पूर्वी खूप दिसणारा आणि आता दुर्मीळ झालेला शँक्रॉइड. जांघेतल्या उवा आणि खरूजही यातच. विषाणूंमुळे होणारे चार मुळापासून जात नाहीत असं पुस्तकात लिहितात: एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, जननेंद्रियांचा हर्पिस, एचपीव्ही (चामखिळींचा आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा विषाणू). परीक्षेत एवढं लिहिलं तर मार्क मिळतील. तीस वर्षं सरकारी रुग्णालयाच्या स्किन-व्हीडी ओपीडीत बसल्यावर माझा मात्र या दोन याद्यांवरचा विश्वास बराच उडाला आहे. पहिल्या यादीतल्या आजारांनी उद्ध्वस्त झालेली माणसं मी पाहिली, आणि दुसऱ्या यादीतली माणसं आजही माझ्याकडे येतात ती गुडघेदुखीची तक्रार घेऊन.

एक जोडपं सांगतो. नवरा वर्षभरात चार वेळा आला. लघवीच्या जागी पू, जळजळ. केसपेपरवर दर वेळी ‘खाज’ लिहून घ्यायचा, कारण खिडकीवरच्या माणसासमोर दुसरं काही बोलवत नाही. (आमचा विभाग त्वचारोग, गुप्तरोग आणि कुष्ठरोग असा एकत्र असतो, त्यामुळे रांगेत कोण कशासाठी उभं आहे हे कळत नाही. एवढी एक सोय आहे.) दर वेळी औषध दिलं, दर वेळी बरा झाला. बायकोला आणा म्हटलं की, ‘तिला काहीच त्रास नाही हो साहेब.’ ते खरंही होतं. परमा आणि क्लॅमिडिया बायकांमध्ये बहुतेकदा गुपचूप राहतात. चौथ्या खेपेला मी चिडून विचारलं, तेव्हा कळलं की बायको आमच्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर, स्त्रीरोग विभागात मूल होत नाही म्हणून आठ महिने येत होती. दोन्ही गर्भनलिका बंद. दोघांचे केसपेपर एकाच रुग्णालयाचे, आडनाव एक, पत्ता एक. त्या खेपेला दोघांना एकदम औषध दिलं. दोघेही बरे झाले, पहिल्या यादीप्रमाणे. नळ्या काही उघडल्या नाहीत.

म्हणून जोडीदाराला औषध दिल्याशिवाय ‘बरा झालो’ हा शब्द मी मान्य करत नाही. या आजारांची प्रतिकारशक्तीही येत नाही, गोवरासारखं एकदा झालं म्हणजे सुटलो असं इथे नसतं. दोघांनी एकाच वेळी औषध घ्यायचं, एका डोसचं असेल तर त्यानंतर आठवडाभर आणि कोर्स असेल तर तो संपेपर्यंत संबंध टाळायचे.

परम्याचं आणखी एक. हा जंतू औषधं पचवण्यात पटाईत आहे. पेनिसिलिन त्याने पचवलं, नंतर सिप्रोफ्लॉक्सासिन पचवलं. तरी आजही मेडिकलवाल्याला कानात सांगितलं की तो सिप्रोची पट्टी काढून देतो. दोन दिवस पू कमी झाल्यासारखा वाटतो, जंतू आत राहतो, आणि माणूस आमच्याकडे येतो तो अंडकोष सुजल्यावर. आजघडीला भरवशाचं औषध म्हणजे सेफ्ट्रिॲक्सोनचं इंजेक्शन, आणि क्लॅमिडिया सोबत असू शकतो म्हणून डॉक्सीसायक्लिन सात दिवस. सरकारी केंद्रांत लक्षणांनुसार सात रंगांची पाकिटं असतात: करडं, हिरवं, पांढरं, निळं, लाल, पिवळं, काळं. लॅबचा रिपोर्ट येईपर्यंत रुग्ण हातचा जाऊ नये म्हणून त्याच दिवशी, डॉक्टरांसमोर औषध सुरू व्हावं, हा त्यामागचा हिशेब.

दुसरी यादी. हे विषाणू जात का नाहीत, हे समजलं की निम्मी भीती जाते. प्रत्येकाची लपायची जागा वेगळी.

हर्पिसचा विषाणू पाठीच्या कण्याजवळच्या मज्जातंतूंच्या गाठीत जाऊन झोपतो. तिथे औषध पोचत नाही, शरीराचे पहारेकरीही पोचत नाहीत. ताप, जागरण, पाळी, ताण अशा निमित्ताने जागा होतो, मज्जातंतूवरून खाली उतरतो, पुटकुळ्यांचा झुबका येतो, आठ-दहा दिवसांत सुकतो. पहिला झटका सगळ्यात वाईट, पुढचे सहसा सौम्य आणि विरळ होत जातात. ॲसिक्लोव्हिर झटका आवरतं. वर्षाला सहा-सात वेळा होत असेल तर रोज थोडं थोडं घेऊन तो दाबूनही ठेवता येतो. हर्पिस म्हटलं की आपल्याकडे लोकांना ‘नागीण’ आठवते आणि तिने कमरेला वेढा पूर्ण केला की माणूस जातो, ही समजूत पाठोपाठ येते. नागीण वेगळी. ती कांजिण्यांच्या विषाणूची, एकाच घराण्यातली पण दुसरी. ती गुप्तरोग नाही, आणि वेढा घालून कोणी मरत नाही. ताप येऊन गेल्यावर ओठाच्या कडेला पुटकुळ्या येतात ना, त्या मात्र हर्पिसच्याच सख्ख्या भावाच्या. ओठावर आली तर मलम लावून ऑफिसला जायचं आणि खाली आली तर आयुष्य संपलं म्हणायचं, हा न्याय मला कधी कळला नाही. गरोदर बाईने मात्र डॉक्टरांना हे आवर्जून सांगावं. बाळंतपणाच्या सुमारास पहिलाच झटका आला तर बाळाला धोका असतो.

एचआयव्ही पेशीच्या जनुकांतच स्वतःचा मजकूर लिहून ठेवतो. अशा काही पेशी वर्षानुवर्षं निजून असतात. गोळ्या बंद केल्या की काही आठवड्यांत विषाणू परत दिसतो, म्हणून गोळी जन्मभर. पण ही आता दिवसाला एक गोळी आहे. आमच्या पिढीने दुसरे दिवस पाहिलेत. २००१ साली मुंबईच्या सिप्ला या औषध कंपनीने तीन औषधांचा उपचार दिवसाला एका डॉलरहून कमी किमतीत देऊ केला आणि जगभरचे भाव कोसळले. १ एप्रिल २००४ पासून आपल्याकडे सरकारी एआरटी (एचआयव्ही उपचार) केंद्रांत औषध मोफत सुरू झालं. त्या आधी मी लोकांना निदान सांगत होतो आणि पुढे सांगायला माझ्याकडे काही नसायचं. मघाशी गुडघेदुखी म्हणालो ती एक बाई. नवरा गेला तेव्हा ती सव्वीसची होती. गोळ्या २००५ पासून. मुलगा निगेटिव्ह, आता कमावता. मध्यंतरी आली, वजन वाढलंय, गुडघे दुखतात, चष्म्याचा नंबर बदललाय. एचआयव्हीचा विषय तिने काढलाच नाही, मी विचारलं तर म्हणाली, ‘ते चालूय की.’ गोळ्या नियमित घेऊन रक्तातला विषाणू मोजता न येण्याइतका खाली राहिला, तर संबंधातून तो जोडीदाराला जात नाही. हे आता सिद्ध झालेलं आहे, नुसता दिलासा नव्हे.

हिपॅटायटिस बी यकृताच्या पेशीच्या केंद्रकात ठाण मांडतो. पण मोठ्या माणसाला नव्याने झाला तर शंभरातले पंचाण्णव जण स्वतःच त्याला हुसकावून लावतात. जन्माच्या वेळी आईकडून मिळालेला मात्र शंभरातल्या नव्वद बाळांत कायमचा राहतो. म्हणून बाळाला पहिल्या चोवीस तासांत लस. ज्यांच्यात टिकतो, त्यांना लागलं तर टेनोफोव्हिर आहे, सरकारी कार्यक्रमात मोफत मिळतं. लस स्वस्त आहे, दशकांपासून आहे, आणि तरीही लग्नाआधी कुंडली बघणाऱ्या घरांत ही एक साधी चाचणी कोणी करत नाही.

एचपीव्ही या यादीत का बसवतात, मला कळत नाही. त्याच्यावर औषध नाही हे खरं, पण दहातल्या नऊ जणांचं शरीर त्याला दोन वर्षांत स्वतःच साफ करतं. चामखिळी जाळता-गोठवता येतात. प्रश्न उरतो तो न गेलेल्या थोड्यांचा. एचपीव्हीचे १६ आणि १८ हे दोन प्रकार गर्भाशयमुखाच्या कर्करोगांपैकी सुमारे ७० टक्क्यांना कारणीभूत. इथे आपल्या मराठवाड्याने जगाला काहीतरी शिकवलं आहे. उस्मानाबाद, आताच्या धाराशिव, जिल्ह्यातल्या ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार बायकांवर बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाच्या मदतीने अभ्यास झाला. २००९ मध्ये निष्कर्ष आले: ज्या गावांत एचपीव्ही चाचणी झाली, तीही एकदाच, तिथे या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्मे झाले. पुण्याच्या सीरमची लस २०२३ मध्ये आली. मुलींना लग्नाच्या कितीतरी आधी द्यायची असते ती.

आणि तिसरी यादी कोणी देत नाही, ती मी देतो: आजार नसलेल्यांची. माझ्या ओपीडीत ‘गुप्तरोग’ म्हणून येणाऱ्या बऱ्याच पुरुषांना काहीच झालेलं नसतं. शिश्नमुंडाच्या कडेने एका ओळीत मोत्यासारखे बारीक दाणे दिसतात, ते शरीराच्या नैसर्गिक ठेवणीतले आहेत, चामखीळ नव्हे. त्यांवर चुना आणि ॲसिड लावून भाजून घेतलेला मुलगा मी पाहिलाय. ‘धातू जाते’ हा संसर्ग नाही. पन्नाशीचा गृहस्थ पुढच्या कातडीला चिरा पडल्यात म्हणून मान खाली घालून येतो, मी आधी साखर तपासतो. ती तीनशेच्या पुढे निघते, आणि त्याचा चेहरा मधुमेह ऐकून खुलतो! एसटी स्टँडच्या भिंतींवर ‘मुळापासून बरा’ची हमी देणाऱ्यांचा धंदा मुख्यतः या तिसऱ्या यादीवर चालतो. जे झालंच नाही ते बरं करणं सोपं.

आता तुम्ही काय करायचं. जवळच्या जिल्हा रुग्णालयात किंवा मेडिकल कॉलेजात ‘सुरक्षा क्लिनिक’, म्हणजे गुप्तरोगांचं सरकारी केंद्र, विचारा, पत्ता सापडला नाही तर १०९७ वर फोन करा, तो मोफत आहे. डोळे, कान, मज्जासंस्था एकदा तपासून घ्या. हिपॅटायटिस बी आणि सीची चाचणी रक्तपेढीने केलेलीच असते, निकाल विचारून घ्या. बी नसेल तर लस टोचून घ्या. अडीच वर्षांनंतरची निगेटिव्ह एचआयव्ही चाचणी पुरेशी आहे, त्याच प्रसंगासाठी ती पुन्हा पुन्हा करत बसू नका. पुढे कधी तशी वेळ आली तर ७२ तासांच्या आत गेल्यास २८ दिवसांच्या गोळ्यांनी एचआयव्ही टाळता येतो, आणि जितकं लवकर तितकं बरं. त्या दोन वेळच्या जोडीदारांशी संपर्क असेल तर त्यांना कळवा.

होणाऱ्या बायकोला सांगायचं का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण प्रश्नात ते आहेच. माझं मत: सांगा. तिला धोका आहे म्हणून नव्हे, तीन इंजेक्शनं झाल्यावर तो नाहीच. उद्या ती गरोदर राहील, तुमच्याही रक्ताची तपासणी होईल, टीपीएचए पॉझिटिव्ह येईल, आणि हे तिला तुमच्याऐवजी लॅबच्या खिडकीवर कळेल. किती सांगायचं, कोणत्या शब्दांत, ते तुमचं तुम्ही ठरवा. क्लिनिकमधला समुपदेशक दोघांसमोर बोलायला तयार असतो.

इंजेक्शनाची तारीख, डोस आणि त्या दिवसाचा टायटर कागदावर लिहून घ्या, फोटो काढून ठेवा. पुढच्या प्रत्येक डॉक्टरला नुसता ‘पॉझिटिव्ह’ दाखवू नका, हा कागद दाखवा. मधला आठवडा चुकवू नका, फार लांबला तर पहिल्यापासून मोजावं लागतं. आणि जाताना नाश्ता करून जा. रिकाम्या पोटी ती सुई बघून घेरी आलेले पहिलवान मी स्वतः बाकावर आडवे केलेत.